तेरा वर्षांची सिटी आणि वरचे एक लाख : एका सौद्याचा हिशेब

चिंचवडमधलं चौघांचं कुटुंब. वर्षाला साधारण ९,००० किलोमीटर फिरणं, त्यातलं निम्मं शहरात आणि बाकीचं कोकणात गावी जाण्या-येण्यात. गाडी किमान पाच वर्षं ठेवायची आहे आणि कर्ज काढायचं नाही. बरीच शोधाशोध करून २०२५ च्या नोव्हेंबरात दोन गाड्या उरल्या. दोन्ही २०१२ च्या होंडा सिटी, १.५ लिटर पेट्रोल, मॅन्युअल गिअर, पुणे आरटीओ.

पहिली एकाच मालकाची, ८४,००० किलोमीटर चाललेली, आरशासारखी चकाकणारी. सोबत बिलांची जाड फाइल. मागणी ३,६०,००० रुपये. मालकांचं म्हणणं, "गेल्या तीन वर्षांत दीड लाखाच्या वर घातलेत हो गाडीत. अशी मेंटेन केलेली दुसरी दाखवा." दुसरी गाडी दोन मालकांची, ९६,००० किलोमीटर, २०१७ नंतरचं एकही बिल नाही. मागणी २,६०,००० आणि घासाघीस केल्यावर २,४५,००० पर्यंत उतरायची तयारी.

पहिलीसाठी लाखभर जास्त मोजावेत का, एवढाच प्रश्न होता. अशा वेळी बहुतेक लोक मालकाने किती खर्च केला ते बघतात आणि तिथेच फसतात. झालेला खर्च मालकाने स्वतःच्या वापरासाठी केलेला असतो आणि त्यातला बराच भाग त्याने वापरूनही टाकलेला असतो. त्या खर्चामुळे पुढच्या पाच वर्षांत आपल्या खिशातले कोणते पैसे वाचणार, तेवढ्याचीच किंमत आपण द्यायची. हा आकडा बऱ्यापैकी नेमका काढता येतो. त्यासाठी "बाजारभाव" नावाच्या हवेतल्या आकड्याशी तुलना करून उपयोग नाही. समोर उभी असलेली, स्वतः तपासलेली दुसरी गाडी हवी.

फाइल वाचताना

बिलांची बेरीज करण्याआधी प्रत्येक बिलावरची तारीख आणि किलोमीटर एका कागदावर खाली खाली लिहून काढावेत. आकडा कुठे मागे जातो का, कुठे अचानक थबकतो का, हे लगेच दिसतं. या गाडीचं मार्च २०१९ ला ५१,३००, फेब्रुवारी २०२० ला ५८,९००, मार्च २०२१ ला ६१,०००, आणि आज ८४,०००. मधलं वर्ष लॉकडाऊनचं, त्यामुळे २,१०० किलोमीटर पटण्यासारखे आहेत. लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी, की त्या वर्षीही इंजिन ऑइल बदललेलं होतं. ऑइल दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचं असतं. कमी चालणाऱ्या गाड्यांचे मालक पहिला आकडा पाळतात, दुसरा विसरतात. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं आणि गाळ साठतो. ज्या मालकाने २,१०० किलोमीटरवर ऑइल बदललं, त्याने गाडी कळून सांभाळली आहे असं मानायला जागा आहे. या एका बिलाने आमच्या मते चकाकणाऱ्या रंगापेक्षा जास्त सांगितलं.

मग फाइलमध्ये काय नाही ते बघायचं. ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद तेरा वर्षांत एकदाही नव्हती. गिअर ऑइल २०१५ ला एकदाच. कूलंटचं बिल नाही आणि टाकीत डोकावलं तर होंडाच्या रंगीत कूलंटऐवजी मातकट पाणी, म्हणजे कोणीतरी नळाचं पाणी ओतत आलेलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्याचा उत्कलनबिंदू घसरतो, आणि ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरताना सतत ब्रेक दाबला गेला की त्यात वाफ होऊन पेडल मऊ पडतं. दोन-तीन वर्षांनी ते बदललं पाहिजे. तेव्हा गाडी "मेंटेन्ड" होती खरी, पण डोळ्याला दिसणाऱ्या आणि आवाज करणाऱ्या भागांपुरती.

इंजिनाबद्दल थोडक्यात. या सिटीला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे लाख किलोमीटरच्या आसपास येणारा बेल्टचा मोठा खर्च इथे नाही. ऑइल वेळेवर मिळालं तर हे इंजिन दोन लाख किलोमीटर सहज काढतं. म्हणून ८४,००० आणि ९६,००० मधल्या बारा हजारांच्या फरकाला फार भाव देऊ नये. फरक पडतो तो क्लच, सस्पेन्शन, एसी, टायर आणि वयाने कडक होणाऱ्या रबरात. पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलची धास्ती अनेकांना असते. १ जानेवारी २००९ नंतर बनलेल्या आपल्या गाड्यांचं साहित्य त्याला चालतं असं होंडाने जाहीर केलेलं आहे, त्यामुळे दोन्हीपैकी कुणाचेही पैसे त्यासाठी कापले नाहीत.

गाडीखाली आणि बॉनेटखाली

मालकाला आधीच फोन करून सांगायचं : आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करायची. गरम इंजिन चेनची खडखड, टॅपेटचा आवाज आणि पहिल्या झटक्यातला निळा धूर, तिन्ही लपवतं. पहिली गाडी गार असताना अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली, चेन शांत, धूर नाही. ऑइल फिलरचं झाकण उघडून आत टॉर्च मारला तर धातू सोनेरी-तपकिरी दिसला, काळा चिकट थर नव्हता. दुसऱ्या गाडीत थर होता, पातळच, पण होता.

दोन्ही गाड्यांची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची तपासणी, करून घेतली. चार कॉइल आणि चार प्लग काढायचे, पेट्रोल आणि स्पार्क बंद करायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखाच सेल्फ द्यायचा. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर आकडे उगाच खाली येतात. पहिलीचे १८८, १८५, १९०, १८६ पीएसआय. दुसरीचे १७८, १८०, १७५, १८१. मूळ आकड्यापेक्षा चौघांमधली तफावत महत्त्वाची. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या ८५-९० टक्क्यांखाली गेला तर पाऊल मागे घ्यायचं. इथे दोन्ही पास.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने मात्र दोघींना वेगळं केलं. पहिलीत बिघाडाचा एकही कोड नव्हता, सगळ्या स्वयंतपासण्या पूर्ण, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इंजिन पेट्रोलचं प्रमाण स्वतःहून किती कमी-जास्त करतं तो आकडा) +३ टक्के, म्हणजे ठीकच. दुसरीतही कोड नव्हता, पण "कोड पुसल्यापासूनचं अंतर" ३८ किलोमीटर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सरच्या तपासण्या अपूर्ण. म्हणजे दाखवण्याच्या आदल्या दिवशी-दोन दिवशी कुणीतरी चेक इंजिनचा दिवा विझवला होता. बॅटरी काढल्यानेही असं होतं. मालकांनी तेच कारण सांगितलं. ते खरं असेलही. सरळ उपाय म्हणजे आठवडाभर शंभर-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करू द्या म्हणणं. त्याला नकार आला, तेव्हा संशयाची किंमत लावणं भाग होतं.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता बऱ्याच गॅरेजमध्ये असतं. कंपनीचा मूळ रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन. पुन्हा रंग मारला की २०० च्या पुढे, आणि ५०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे असं समजावं. छत आणि खांब आधी मोजायचे, कारण तिथे पुट्टी निघाली तर गाडी उलटलेली किंवा जबर ठोकलेली असू शकते. पहिलीचं छत ११५, दारं ११० ते १२५, बॉनेट २७०. बॉनेट का रंगवलं? मालक म्हणाले, एक्सप्रेस वेवर उडालेल्या खड्यांचे टवके. हे पडताळता येतं. बॉनेटच्या आतला रेडिएटरचा आडवा सपोर्ट बघितला, त्यावरचे कंपनीचे गोल वेल्डचे ठसे सारख्या अंतरावर आणि शाबूत होते. दोन्ही हेडलाइटच्या कवचावरची निर्मितीची तारीख २०१२ ची. फेंडरच्या बोल्टच्या डोक्यांवरचा रंग न तुटलेला. शिवाय विम्याच्या पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस (हप्त्यातली सवलत), जो सलग पाच वर्षं क्लेम न घेतल्याशिवाय मिळत नाही. क्लेम न घेता रोखीने काम करून घेणारे असतात, म्हणून बोनस एकट्याने पुरावा होत नाही. चारही खुणा एकाच दिशेने बोलत होत्या म्हणून टवक्यांची गोष्ट मान्य केली.

पुराचं पाणी शिरलेली गाडी पुणे, सांगली-कोल्हापूर, चिपळूण भागातून हमखास बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून तळाशी मातीची रेघ बघणं, सीटच्या रुळांचा गंज, डिकीत स्टेपनीखालचा गाळ, एवढं दहा मिनिटांत होतं. दोन्ही गाड्या कोरड्या होत्या.

लिफ्टवर चढवल्यावर पहिलीची पंचाईत कळली. इंजिन चालू, गाडी उभी, स्टिअरिंग झपाझप थोडं डावी-उजवीकडे हलवलं की खटखट येत होती. तीच खडबडीत रस्त्यावर वीसच्या वेगात. सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि लोअर आर्म नवे होते, ते हाताने हलवून पाहिले, ढिले नव्हते. उरला स्टिअरिंग रॅकचा बुश. या पिढीच्या सिटीत हे दुखणं नेहमीचं आहे. दुरुस्तीचा अंदाज १२,००० रुपये. दुसरीचा रॅक शांत होता, पण तिचे पुढचे शॉकअप ओले, लोअर आर्मचे बुश फाटलेले. क्लच पेडल अगदी वर आल्यावर पकडत होता, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की आरपीएम चढायचा, गाडी नाही. टायरवर ३११८, म्हणजे २०१८ च्या ३१ व्या आठवड्यातले. नक्षी शिल्लक असली तरी सात वर्षांचं रबर पावसाळ्यात भरवशाचं नाही. पहिलीच्या टायरवर ४७२३ होतं आणि बिल जानेवारी २०२४ चं, म्हणजे बिल त्याच टायरचं.

बिलात न दिसणारी गोष्ट

या प्रकरणातली सगळ्यात गंभीर बाब पैशांची नव्हती. टकाटा कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणारा भाग) होंडाने भारतातही गाड्या परत बोलावल्या; जानेवारी २०१७ च्या फेरीत २०१२ साली बनलेल्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड मिळून ४१,५८० गाड्या होत्या. त्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं, आणि एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे अंगावर येतात. बदलून देणं मोफत आहे.

पहिलीच्या मालकांनी वॉरंटी संपल्यावर, २०१६ पासून, अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडून चांगल्या खासगी गॅरेजकडे काम द्यायला सुरुवात केली होती. त्यात काही गैर नाही, उलट काम स्वच्छ झालं होतं. पण त्यामुळे २०१७ चं बोलावणं निसटलं. होंडाच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकल्यावर काम बाकी असल्याचं दिसलं. दुसऱ्या गाडीचं काम झालेलं होतं. जुनी गाडी बघताना चासी नंबर टाकायची ही दोन मिनिटं कुणीही वाचवू नयेत, विशेषतः गाडी मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत राहिली असेल तर. हिशेबात याचे पैसे धरले नाहीत. इन्फ्लेटर बदलल्याशिवाय उरलेली रक्कम नाही, अशी अट घातली.

हिशेब

मालकांच्या फाइलमधले तीन वर्षांचे मोठे खर्च असे : चार टायर २४,०००, क्लच सेट १३,५००, एसी कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर ३१,०००, पुढचं सस्पेन्शन २६,०००, बॉनेट-बंपर रंग आणि सिरॅमिक कोटिंग ३४,०००, सीट कव्हर आणि टचस्क्रीन २१,५००, बॅटरी ५,२००. बेरीज १,५५,२००. म्हणजे दीड लाखाचा दावा खराच होता.

आता यातलं शिल्लक किती? टायरचं आयुष्य सहा वर्षं किंवा ४५,००० किलोमीटर धरलं. २२ महिने आणि ११,००० किलोमीटर झालेत, महिन्यांच्या हिशेबाने जास्त झिजले, म्हणून ७० टक्के शिल्लक : १६,८००. क्लच ७१,००० ला बदलला, आयुष्य ७०,००० किलोमीटर धरून १०,९००. सस्पेन्शनला ५०,००० किलोमीटर धरले, १८,००० झालेत : १६,६००.

एसीचा हिशेब वेगळा करावा लागतो आणि इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. टायर, क्लच, सस्पेन्शन झिजणारच. दुसऱ्या गाडीत ते संपलेलेच होते, म्हणून पहिलीतलं शिल्लक आयुष्य पूर्ण किमतीने मोजलं. कॉम्प्रेसर झिजून संपत नाही, बिघडतो, आणि कदाचित बिघडतही नाही. दुसरीचा मूळ कॉम्प्रेसर व्यवस्थित गारवा देत होता. पाच वर्षांत तो जाण्याची शक्यता निम्मी धरली. आयुष्य सात वर्षं आणि झालेले १४ महिने बघता शिल्लक २५,८०० च्या आसपास, त्याचे निम्मे १२,९००.

रंग, कोटिंग, सीट कव्हर, टचस्क्रीन शून्य. हे आवडलं म्हणून कुणी पैसे दिले तर हरकत नाही, पण तो गाडीच्या तब्येतीचा भाग नव्हे. बॅटरी ३१ महिन्यांची, तीही शून्य. चार शिल्लक आकड्यांची बेरीज ५७,२००.

यातून पहिलीचे दोष वजा करायचे : रॅक १२,०००, बॅटरी ५,२००, एकूण १७,२००. दुसरीची बॅटरी आठ महिन्यांचीच होती. इंजिन माउंटिंग आणि सगळी ऑइलं-कूलंट बदलण्याचे ८,५०० दोन्हीकडे लागणार होते, म्हणून ते तुलनेतून वगळले. उरले ४०,०००.

त्यात दोन गोष्टी मिळवल्या. पुसलेल्या कोडचा संशय १५,०००. ऑक्सिजन सेन्सर निघाला तर त्याहून कमी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निघाला तर बराच जास्त. आणि पहिल्या मालकाकडून घेतलेली गाडी पाच वर्षांनी विकताना आपण दुसरे मालक असू, दुसरी घेतली तर तिसरे. त्या वयात गाडीची किंमतच कमी असल्याने हा फरक १०,००० च्या वर धरला नाही. एकूण ६५,०००.

म्हणजे दुसरी २,४५,००० ला मिळत असेल तर पहिलीला ३,१०,००० पर्यंत जावं, त्यावर नाही. मागितलेल्या १,१५,००० च्या फरकापैकी ६५,००० रास्त, ५०,००० रंगाचे आणि मालकाच्या मायेचे.

सौद्याच्या वेळी हा कागद मालकांसमोर तसाच ठेवला. "जास्त सांगताय" असं मोघम म्हटलं की समोरचा माणूस दुखावतो आणि अडून बसतो. इथे त्यांच्याच बिलांना रास्त किंमत दिलेली होती, त्यामुळे बोलणं रॅक आणि बॅटरीवर आलं. आधी ३,३५,००० झाले, मग आठवडाभर शांतता, शेवटी ३,०७,००० ला ठरलं. इसार १०,००० दिला, पावतीवर चासी नंबर, किलोमीटर आणि एअरबॅगची अट लिहून घेतली. मालकांनी गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन इन्फ्लेटर बदलून आणला.

कागदपत्रं आणि पहिला महिना

वाहन पोर्टलवर आरसी, कर्जाचा बोजा आणि थकलेले ई-चलन तपासले. बँकेचा बोजा २०१५ ला फिटला होता, पण आरसीवरून उतरवला नव्हता. त्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि हे मालकाकडून आधी करून घ्यावं. मागाहून दुसऱ्याच्या बँकेत खेटे घालावे लागतात. मग गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचा असतो, त्यामुळे विमा नावावर करताना फरकाची रक्कम भरावी लागली. त्यासाठी चौदा दिवसांची मुदत असते. जुन्या मालकांचा फास्टॅग बंद करून नवा घेतला.

आरसीची मुदत ऑगस्ट २०२७ ला संपते. गाडी पाच वर्षं ठेवायची असल्याने फेरनोंदणी टळणार नाही. फॉर्म २५, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, ५,००० रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर, मग आणखी पाच वर्षं मिळतात. दुसऱ्या गाडीलाही हेच लागलं असतं, त्यामुळे ते वरच्या तुलनेत नाही, पण २०२७ च्या खर्चात धरून ठेवायला हवं.

पहिल्या महिन्यात क्रमाने कामं केली : ब्रेक ऑइल, कूलंट (आधी दोनदा साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन), गिअर ऑइल, इंजिन ऑइल-फिल्टर, मग रॅक आणि माउंटिंग. रॅक उतरवल्यावर व्हील अलाइनमेंट करावीच लागते, म्हणून ती सगळ्यात शेवटी. कूलंट धुताना रेडिएटरमधून गंजाचं पाणी आलं, तेव्हा थर्मोस्टॅटही बदलला. हे १,८०० रुपये हिशेबात नव्हते.